चौकोनी तवा

अवकाशातून परतणारं यान हवेला घासून किती तापेल, हे सुगत ऐरोलीच्या ऑफिसात बसून आधीच सांगायचा. पगार त्याचाच मिळायचा. या वेळी त्याने सांगितलं होतं, की यानाला बाहेरून लावायची नवी फरशी अगदीच कुचकामी आहे. दहा मिनिटांत तिची आतली बाजू चारशे अंशांवर जाईल. फरशी बनवणारे खवळले होते. "उद्याच्या बैठकीत तुझा आकडा चुकला, तर नोकरीत कायम व्हायचं विसर," असं त्याच्या वरिष्ठ गीतांजली मॅडमनी त्याला बजावलं होतं.

नमुन्याची फरशी वर्तमानपत्रात गुंडाळून सुगतने सानपाड्याला घरी आणली, ओट्यावर ठेवली आणि तो आंघोळीला गेला.

त्याची आई दुर्गाबाई सहा महिने मातीचा तवा मागत होती. तिने कागद सोडला. तवा चौकोनी होता, चार बोटं जाड होता आणि उचलायला बिस्किटाच्या पुड्याइतका हलका. इकडे असलेच मिळत असतील, असं म्हणून तिने तो गॅसवर चढवला.

सुगत बाहेर आला तेव्हा आई वैतागली होती. "काय आनलंस रे हे? दहा मिन्टं झाली, गॅस फुल हाय, अन् भाकरी कच्चीच!"

सुगतच्या बायकोने, राजश्रीने, धावत येऊन गॅस बंद केला. "अहो आई, ते यानाचं आहे!"

"मग यानात काय जेवत नाहीत?" दुर्गाबाईने भाकरी उचलली आणि फरशीवर तळहात टेकवला. "बघ. कोमटबी नाय."

सुगत आईच्या तळहाताकडे बघत राहिला. मग लॅपटॉपकडे पळाला. फरशीच्या जाडीच्या रकान्यात त्याने सात सेंटिमीटरऐवजी सात मिलिमीटर भरले होते. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हे उद्या बैठकीत कळलं असतं तर, या विचाराने जरा हायसंही वाटलं. त्याने मॅडमना फोन लावला.

"मॅडम, माझा आकडा चुकलाय. फरशी चांगली आहे."

"कशावरून?"

"चाचणी झाली. घरीच. आईने... भाकरी टाकली."

"किती भाकऱ्या?"

"एक."

"एकीवरून काय सिद्ध होतंय? अजून दोन टाकायला सांग."

दुर्गाबाईने कुरकुरत आणखी दोन टाकल्या. त्याही कच्च्याच राहिल्या. दुसऱ्या दिवशी सुगतने दुरुस्त आकडा मांडला आणि फरशी पास झाली. तिच्या कोपऱ्याला ज्वारीचं पीठ लागलं होतं, पण बनवणारे इतके खूश होते की त्यांनी त्याबद्दल विचारलं नाही. महिन्याभरात सुगत कायम झाला.

त्यानंतरच्या रविवारी त्याने आईला खराखुरा मातीचा तवा आणून दिला. पहिली भाकरी पडली. सुगत शेजारी उभा राहून बघत होता. न राहवून त्याने तव्याच्या कडेला बोट लावलं आणि किंचाळला.

"दोनशे तीस अंश तरी असेल," बोट नळाखाली धरून तो म्हणाला.

दुर्गाबाईने भाकरी उलटली. "हात लावायच्या आधी सांगायचं असतंय, बाबा."