पुरुभाऊंची इम्पोर्टेड

पुरुभाऊ इंगोले कोणतीही वस्तू विकत घेण्याआधी ती किती वाईट आहे, हे त्या वस्तूला तोंडावर सांगतात. विकणाऱ्याकडे ते बघतही नाहीत. दिग्रसच्या बाजारात वांगं हातात घेऊन त्यालाच विचारतात, "काहून रे बाप्पा, पोटात अळी आन् वरून एवढी चमक?" नवी छत्री उघडून तिला म्हणतात, "तू पावसात निघशील तं तुलेच छत्री लागंन." आपल्या मालाचा असा अपमान ऐकून विकणारा त्याची बाजू घ्यायला तोंड उघडतो आणि तिथेच फसतो. एकदा माणूस बोलता झाला की भाव उतरवल्याशिवाय पुरुभाऊ त्याला सोडत नाहीत.

मी इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. पुरुभाऊंची आणि माझी भिंत एकच, त्यामुळे त्यांचे बरेच सौदे मी घरबसल्या ऐकले आहेत. वय साठीच्या पुढे, कापूस-तुरीची चांगली शेती, तरुणपणी एका जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवायला बसायचे. चणचण म्हणून ते घासाघीस करतात असं कोणी समजू नये. भाव न करता घेतलेली वस्तू त्यांना पचत नाही, एवढंच. औषधाच्या दुकानात पाकिटावर किंमत छापलेली असते, तिथेही ते म्हणतात, "थे छापणाऱ्याचा भाव झाला. तुमचा सांगा." डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या लिहिल्या तर तीन दिवसांत बरं करण्याची बोली लावतात. मुलीच्या लग्नात भटजींशी घासाघीस करून त्यांनी आठ मंगलाष्टकं पाचावर आणली होती, आणि त्यातलं एक लहान पाहिजे अशी अट घातली होती.

असा हा माणूस मागच्या हिवाळ्यात एका सकाळी भिंतीवरून मला म्हणाला, "सर, आपल्याले इम्पोर्टेड गाडी घ्यायची हाये."

मला वाटलं, खेळण्यातली. नातवासाठी.

"खरी. जर्मनीची. तिकडंच बनून आलेली. इथं जोडलेली नाई पायजे."

बायपासच्या रस्त्यात त्यांचं थोडं वावर गेलं होतं आणि त्याचा मोबदला आला होता, हे मला माहीत होतं. पण पुरुभाऊ फिरायचे ते एका जुन्या स्कूटरवर, आणि तिलाही रोज सकाळी नावं ठेवायचे. त्यांच्या बायकोने, कुंदाकाकूंनी, जोरात विरोध केला. "आपल्या फाटकातून म्हैस आडवी होऊन येते, अन् जर्मनीची गाडी कशी येईन?" पुरुभाऊंनी ताबडतोब सुंभाने फाटक मोजलं, सुंभाला गाठ मारून ठेवली आणि तो खिशात घालून नागपूरला गाड्या मोजायला निघाले. गाडी माझी, चालवायलाही मी. रविवार असला की माझी सुटका नव्हती.

नागपूरच्या एका चकचकीत दुकानात टाय लावलेल्या मुलीने आम्हाला कॉफी दिली. पुरुभाऊंनी गाडीचं दार उघडलं, आत डोकं घातलं आणि म्हणाले, "काय वं, एवढी महागाची, अन् आत वास औषधाच्या दुकानासारखा?" मुलगी हसली आणि म्हणाली, सर, इथले भाव फिक्स असतात.

"बाई, मरणबी फिक्स नसते," पुरुभाऊ म्हणाले. "डॉक्टर लोकं त्याच्यातबी मागंपुढं करते."

मुलीने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने त्याच्या साहेबाला. दोन तासांनी आम्ही बाहेर पडलो तेव्हा पुरुभाऊंनी फुकटात एक छत्री आणि किल्लीचं कडं काढलं होतं. गाडी मात्र नुसती बघितल्यासारखी केली होती. "नवीन नाई पायजे, सर," परत येताना ते म्हणाले. "नवीन गाडीत काही मजा नाई. काही बिघडतच नाई तिच्यात." तेव्हा मला हा विनोद वाटला.

पुढचे दोन महिने ते फोनवर जुन्या गाड्या शोधत राहिले. शेवटी वणीला सापडली. कोळशाच्या ट्रकांचा धंदा करणारे एक बल्लूसेठ होते. त्यांनी हौसेने घेतलेली बारा वर्षांची जर्मन गाडी आवारात उभी होती. इंजिन नीट चालत नव्हतं, म्हणून सेठ कंटाळले होते.

"इब्राहिमले घ्यावं लागंन," पुरुभाऊ म्हणाले.

इब्राहिमभाई आमच्या चौकातले मिस्त्री. तरुणपणी अकरा वर्षं कुवेतमध्ये होते, अशाच मोठमोठ्या जर्मन गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये. आई आजारी पडली म्हणून परत आले आणि इथेच राहिले. मग आयुष्यभर जीप, ट्रॅक्टर आणि शेतातली डिझेल इंजिनं दुरुस्त केली. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको जुबेदाभाभी गेली. तेव्हापासून गॅरेजचं शटर अर्धंच वर असायचं आणि आत ते स्टुलावर बसलेले दिसायचे. गिऱ्हाईक आलं तर हाताने दुसरीकडचा रस्ता दाखवायचे.

"भाऊ, अब मेरेसे क्या होता," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणाले न्या."

"तुले काही कराले नाई नेत. नुसता उभा राह्य. मिस्त्री सोबत दिसला का समोरचा भाव दबते."

ते बळंच आले. यवतमाळ, मारेगाव, वणी, एवढ्या रस्त्यात ते खिडकीतून बाहेर बघत बसले. पुरुभाऊ मात्र सगळी वाट आपण अजून बघितलीही नसलेल्या गाडीच्या खोडी मोठ्याने काढत होते. सराव.

गाडी एका कडुनिंबाखाली उभी होती. मूळ रंग पांढरा असावा. कोळशाच्या धुळीने ती म्हशीसारखी दिसत होती. पुरुभाऊंनी तिच्याभोवती फेरी मारली, सुंभ लावून मोजली आणि सुरू झाले, "अवं माय, काय दशा झाली वं तुही! जर्मनीत आईबाप असंन तं रडत असंन."

बल्लूसेठ गडगडाटी हसले. पुरुभाऊंना असा माणूस आजवर भेटला नव्हता. सेठने गाडीची बाजू घेतलीच नाही, उलट आणखी दोन खोडी सांगितल्या. पुरुभाऊ जरा गोंधळले. मग त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, उजव्या हातावर टाकला आणि हात पुढे केला. बैलबाजारात करतात तसं. दुपट्ट्याखाली बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे बघणाऱ्याला कळत नाही. मला शरमल्यासारखं झालं. पण सेठचे डोळे चमकले. "माझा बाप बैलाचा दलाल होता," ते म्हणाले आणि त्यांनी आपला अंगठ्या घातलेला हात दुपट्ट्याखाली सरकवला.

पंचवीस मिनिटं कोणी बोललं नाही. दुपट्ट्याखाली मांजराची पिल्लं भांडावीत तशी हालचाल चालली होती. सेठचे ड्रायव्हर काम सोडून भोवती जमले. मधेच पुरुभाऊ हात सोडून चालायला लागत, सेठ त्यांना ओढून आणत. मधेच सेठ कपाळावर हात मारत. या गडबडीत माझी नजर इब्राहिमभाईंकडे गेली. त्यांनी गाडीचं बॉनेट उघडलं होतं. एका ड्रायव्हरला त्यांनी गाडी सुरू करायला लावली. इंजिन खोकल्यासारखं धडधडायला लागलं. इब्राहिमभाईंनी मान तिरपी केली. मग मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि बाह्या वर सरकवल्या. तेवढ्यात इकडे "झालं!" म्हणून ओरडा झाला. सौदा कितीला झाला ते त्या दोघांनाच माहीत, पण दोघंही जिंकल्यासारखे दिसत होते.

सेठ फार खूश होते. त्यांनी पुरुभाऊंना मिठी मारली आणि म्हणाले, "भाऊ, तुमच्यासारखा मानूस नाई पाह्यला. आठ दिवस थांबा. नागपूरहून पूरं इंजन नीट करून देतो. याच भावात, माझ्या खर्चानं."

कोथिंबिरीची फुकट काडी मिळवण्यासाठी पाऊण तास उन्हात उभा राहणारा माणूस. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

"नको," पुरुभाऊ म्हणाले.

सेठला वाटलं, ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं.

"नको म्हणलं ना. जशी हाये तशी पायजे. तिले कोणी हात लावायचा नाई."

"ले लो ना भाऊ," इब्राहिमभाई हळूच म्हणाले. "ये मोठं काम हाये. सेन्सर हाये, इंजेक्टर हाये. महिने लागतीन."

"लागू दे."

"फुकटात करून देऊन राह्यले ना थे!" न राहवून मी म्हणालो.

"सर, तुम्ही मधात नका बोलू," पुरुभाऊ म्हणाले. इतक्या वर्षांत ते माझ्याशी असं तोडून पहिल्यांदाच बोलले. त्यांनी कागदावर 'जशी आहे तशी' असं लिहून घेतलं आणि त्याखाली सेठची सही घेतली.

सेठच्याच ट्रेलरवर बसून गाडी दिग्रसला आली. चौकात ही गर्दी. फाटकाचं माप बरोबर होतं, तरी पुरुभाऊंनी ती घरी नेलीच नाही. इब्राहिमभाईंच्या गॅरेजसमोर उतरवली. त्यासाठी शटर पूर्ण वर करावं लागलं, ते इतकं गंजलं होतं की चार जण लागले.

मी वैतागलो होतो. दुसऱ्या दिवशी पुरुभाऊ वावरात गेलेले बघून मी कुंदाकाकूंकडे गेलो. त्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "काकू, फुकटची दुरुस्ती सोडली हो! यांना झालंय तरी काय?"

"सर, तुम्ही विज्ञान शिकवता, अन् तुम्हाले एवढं नाई समजलं?" काकू म्हणाल्या. "जुबेदा गेली, त्याच्यानंतर हे आपलं पाण्याचं इंजन घेऊन इब्राहिमभाऊकडं गेलते. थे म्हणे, दुसरीकडं न्या, माह्या हातातलं ध्यान गेलं. हे घरी आले अन् जेवलेच नाई. मले म्हणे, कुंदे, त्याले ट्रॅक्टर-जीपा देऊन भागत नाई. ज्याच्यासाठी त्याचा हात शिवशिवंन अशी वस्तू पायजे."

मी खाली बसून एक शेंग सोलायला घेतली.

"मग तुम्ही विरोध करत होता तो?"

"केला ना. महिनाभर केला. येवढा पैसा! मंग एक दिवस इब्राहिमभाऊ समोरून गेले. तीस वर्षं माह्या हातचा चहा पेला त्या मानसानं, अन् मले ओळखलंच नाई. मंग म्हणलं, घ्या तुमची जर्मनी."

त्या गाडीला चार महिने लागले. पहिले पंधरा दिवस इब्राहिमभाई तिच्याभोवती नुसते फिरत होते. मग एके दिवशी सकाळी आठला शटर उघडल्याचा आवाज आला. मग रोजच यायला लागला. कुवेतमधल्या जुन्या सोबत्यांना फोन झाले, कुरिअरने खोक्यांतून भाग आले. चष्मा नवा झाला. पुरुभाऊ रोज संध्याकाळी तिथे टायरवर बसून भांडायचे. "एका नळीले तीन दिवस? कुवेतवाले तुले पगार देत होते का जेवू घालत होते?" आणि इब्राहिमभाई गाडीखालून ओरडायचे, "समजत नाही तो बोलो मत भाऊ!" दोन वर्षांत मी त्यांचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. ती गाडी बघायला पुसदहून, दारव्ह्याहून लोक येऊ लागले. कोणी आपलीही गाडी घेऊन येई. इब्राहिमभाई सगळ्यांना सांगत, "रुका, पहले भाऊ की."

उन्हाळ्याच्या एका सकाळी गाडी तयार झाली. धुतली तर खरंच पांढरी निघाली. इब्राहिमभाई इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि त्यांनी किल्ली पुरुभाऊंच्या हातात ठेवली. पुरुभाऊंनी ती उलटसुलट बघितली आणि परत दिली.

"मले कुठं चालवता येते?"

मी थक्क झालो. या माणसाला चारचाकी चालवता येत नव्हती. इब्राहिमभाईंना ते माहीत होतं. ते निमूट स्टिअरिंगवर बसले. पुरुभाऊ शेजारी. मला मागे बसवलं.

आम्ही अरुणावती धरणाच्या बाजूला निघालो. ती गाडी चालत होती की उभी होती, हे खिडकीबाहेर बघितल्याशिवाय कळत नव्हतं. इब्राहिमभाई दोन बोटांनी स्टिअरिंग धरून होते. पहिल्या वळणावर ते स्वतःशीच हसले. पुरुभाऊ मात्र जसजशी गाडी पुढे गेली तसतसे गप्प होत गेले. एकदा त्यांनी डॅशबोर्डवर हात फिरवला. चांगलं-वाईट काहीच बोलले नाहीत. धरणाची भिंत दिसायला लागली तसे ते एकदम म्हणाले, "इब्राहिम, थांब. काहीतरी वाजून राह्यलं."

इब्राहिमभाईंनी गाडी बाजूला घेतली. इंजिन चालूच ठेवलं. काच खाली केली आणि मान तिरपी करून ऐकू लागले. मीही कान दिला. बाभळीवर होले घुमत होते, तेवढंच. इंजिनाच्या बाबतीत इब्राहिमभाई कधी खोटं बोलत नाहीत. बिघाड नसला तर गिऱ्हाइकाला तसंच परत पाठवतात, त्यापायी आयुष्यभर नुकसान सोसलेलं आहे.

त्यांनी पुरुभाऊंकडे बघितलं. पुरुभाऊ समोरच्या पाण्याकडे बघत होते. इब्राहिमभाईंनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"हाव भाऊ," इब्राहिमभाई म्हणाले, "मलेबी आला आवाज. सोमवारी खोलतो."