वॉलॉंगॉंगमधली बर्फावरची खोपटी

आमच्या शेजारच्या सोहनीकाकांच्या परसात, लिंबाच्या झाडाशेजारी, बर्फावर बसून मासे पकडायची खोपटी आहे. आम्ही राहतो ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला. इथे बर्फ फक्त ग्लासात पडतो. आणि काका जन्माने, कर्माने आणि हट्टाने शाकाहारी आहेत.

खोपटी प्लायवूडची आहे. एक दार, एक हातभर खिडकी, दोन स्टुलं आणि जमिनीत मधोमध एक गोल भोक. थंड देशांत तळं गोठलं की अशी खोपटी बर्फावर नेऊन ठेवतात, भोकाच्या खाली बर्फही कोरतात आणि आत बसून पाण्यात गळ सोडतात. काकांच्या भोकाखाली लॉन आहे. उन्हाळ्यात त्यातून गवत वर येतं, ते काका कात्रीने कापतात.

पलीकडच्या कुणीतरी तक्रार केली म्हणून एकदा काउन्सिलचा माणूस आला होता. त्या दिवशी अडतीस डिग्री तापमान होतं. मी कुंपणाशी कपडे वाळत घालत होते, म्हणजे घालून झाले होते, पण मी तिथून हलत नव्हते.

"हे काय आहे, मेट?" त्याने विचारलं.

"आइस फिशिंग शॅक," काका म्हणाले.

त्याने आकाशाकडे पाहिलं, कपाळ पुसलं. "बर्फ कुठे आहे?"

"मॅनिटोबात. कॅनडा."

"मग हे इथे का?"

"इथे फक्त लायटिंग आहे."

त्या माणसाने बराच वेळ कागदाकडे बघून 'गार्डन शेड' असं लिहिलं, नो वरीज म्हणाला आणि गेला. काका मला म्हणाले, "मेघना, बघितलंस? गार्डन शेड लिहिलं. आत भोक आहे की नाही तेसुद्धा बघितलं नाही. सगळा कारभार अंदाजपंचे दाहोदरसे."

हे त्यांचं आवडतं वाक्य. मी भाजीत मीठ चवीने घालते ते अंदाजपंचे. माझा नवरा नितीन गाडी रिव्हर्स घेतो ती अंदाजपंचे. काकांनी तीस वर्षं पोर्ट केम्ब्लाच्या पोलाद कारखान्यात भट्टीजवळचे दिवे, पंखे, मोटारी सांभाळल्या. ज्या दिव्याखाली माणूस काम करतो, तो दिवा आपण स्वतः तपासल्याशिवाय त्याच्या खाली कुणाला उभं करायचं नाही, हा त्यांचा नियम. निवृत्तीला दहा वर्षं झाली, काकूंना जाऊन पाच. आता ते घरातल्या दिव्यांवर हा नियम चालवतात. त्यांच्या बाथरूममधल्या बल्बवरसुद्धा तपासणीच्या तारखेची चिठ्ठी आहे.

आता मॅनिटोबाचं. काकांची एकुलती एक मुलगी गौरी तिथे संशोधनाला गेली आणि कॉलिन नावाच्या शाळामास्तराशी लग्न करून राहिली. लग्नाला काकांची हरकत नव्हती. पण फोनवर ओळख करून देताना गौरीने उत्साहाने सांगितलं, की कॉलिनच्या घरी पिढ्यानपिढ्या तळ्यावर खोपटी आहे आणि हिवाळ्यात सगळं घर तिथे मासे पकडतं. काका म्हणाले, "मासे मारणाऱ्याच्या घरात मी पाणी पिणार नाही." गौरी म्हणाली, "नको पिऊस." आणि फोन ठेवला. बाप तशी लेक.

त्याला दोन वर्षं झाली होती. संबंध तुटले होते असं नाही. ते फक्त जावयामार्फत, ई-मेलने आणि सणासुदीपुरते उरले होते.

अशात गेल्या वर्षी फेब्रुवारीत कॉलिनची चार ओळींची मेल आली. काकांनी ती छापून मला दाखवली. खोपटीतले बॅटरीवरचे दिवे थंडीत अर्ध्या तासात मान टाकतात. गेल्या आठवड्यात अंधारात गौरीचा पाय भोकात गेला, गुडघ्यापर्यंत. ती ठीक आहे. तुम्ही या क्षेत्रातले, कुठली बॅटरी घ्यावी?

"बिचाऱ्याला बॅटरीचं नाव हवंय," मी म्हणाले.

"कुठला पाय गेला ते लिहिलेलं नाही," काका म्हणाले. "डावा की उजवा. आणि पाणी शून्य डिग्रीचं असणार. पाय काढून किती वेळात कोरडा केला, तेही नाही. याला म्हणतात अंदाजपंचे."

"मग गौरीला फोन करून विचारा."

"मला बॅटरीबद्दल विचारलंय," काका म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी प्लायवूड आणायला गेले.

पुढचे आठ महिने आमच्या दोन्ही घरांचे एलईडी दिव्यांशी संबंध आले. आधी दिव्यांच्या पट्ट्या काकांच्या फ्रीझरमध्ये गेल्या. तो भरल्यावर माझ्या. ओल्या नारळाची पाकिटं आणि मटार बाजूला सारून तिथे वायरची वेटोळी बसली, वर चिठ्ठी: 'नमुना ४. हलवू नये.' दिवा पेटलेला राहतो का हे बघायला काकांनी आत त्यांचा जुना फोन चित्रीकरणाला लावून ठेवला होता. एका दुपारी आइस्क्रीम घ्यायला आलेल्या नितीनचं तोंड त्यात सापडलं. काकांनी ते निरीक्षण म्हणून वहीत नोंदवलं. 'दुपारी ३.१०. झाकण उघडले. नितीन. तिसऱ्यांदा.'

फ्रीझरने बरंच शिकवलं. पट्टीमागचा गोंद थंडीत सुटतो, म्हणून पट्टी स्क्रूने बसवायची. साधी वायर कडक होऊन तडकते, म्हणून सिलिकॉनची घ्यायची. बॅटरीला तर थंडी अजिबात सोसत नाही. तिला काकांनी एस्कीत ठेवलं. सगळा ऑस्ट्रेलिया एस्कीच्या पेटीत बीअर थंड राहावी म्हणून ठेवतो. काकांनी त्यात बॅटरी उबदार राहावी म्हणून ठेवली, तीही काकूंच्या जुन्या शालीत गुंडाळून.

मग माणसावर चाचणी. माझी उंची गौरीएवढी, हा माझा गुन्हा. मार्चच्या उकाड्यात मला जाड जाकीट, गमबूट आणि लोकरी हातमोजे घालून, खिडकी बंद केलेल्या खोपटीत सोडण्यात आलं. बाहेरून काका सूचना देत होते.

"हातमोज्यासकट बटण सापडतंय का?"

"सापडलं. काका, मला घेरी येतेय."

"तिला येणार नाही, तिथे उणे तीस असेल. आता भोक कुठे आहे सांग. न वाकता."

"दिसत नाही."

"कसं दिसत नाही?"

"तुमचे सगळे दिवे भिंतीवर आहेत. भोकावर सावली पडते."

मी दार उघडून बाहेर आले, तर काका पाठमोरे होऊन लिंबाची वाळकी पानं वेचत होते.

ती सावली म्हणजे चूक नव्हती. काकांनी भोकावर मुद्दाम अंधार ठेवला होता. पाण्यात उजेड पडला की मासे उजेडाकडे येतात, हे त्यांनी वाचलं होतं. आपल्या दिव्याने मासा वर बोलवायचा आणि जावयाने तो मारायचा, म्हणजे आपणही त्यात आलोच. "मी उजेड देईन," काका म्हणाले, "पण आमिष देणार नाही." तत्त्व म्हणून ते सुंदर होतं. फक्त त्या तत्त्वाच्या बरोबर मधोमध गौरीचा पाय जात होता.

आठ दिवस काका खोपटीत पाऊल न टाकता परसात हिंडले. लिंबाला दोनदा पाणी घातलं, तेही एकाच सकाळी. नवव्या दिवशी त्यांनी भोकाच्या कडेने दिव्यांचा एक गोल बसवला. इतका लख्ख, की खालचं गवत दिवसाढवळ्या हिरवंगार दिसायला लागलं.

"आणि मासे?" मी विचारलं.

"माशांचं माशांनी बघावं," काका म्हणाले.

आता एकच अडचण होती. आमचा फ्रीझर उणे अठराच्या खाली जात नाही, आणि काकांना उणे तीस हवं होतं. युनिव्हर्सिटीत मी नोकरी करते म्हणून त्यांनी माझ्याकडे प्रयोगशाळेतल्या फ्रीझरची चौकशी केली. मी वेळापत्रकाच्या विभागात आहे, माझ्याकडे फक्त स्टेपलर आहे, असं मी सांगितलं. मग चौकशी करता करता कळलं, की जवळपास एवढी थंडी एकाच ठिकाणी मिळते. बंदरावर, मासे गोठवून ठेवायच्या गोदामात.

मला वाटलं, विषय संपला. शनिवारी सकाळी काका दारात उभे. हातात एस्की, डोक्यात माकडटोपी.

"गाडी काढ," ते म्हणाले. "मला तिथला रस्ता ठाऊक नाही. कधी जायची वेळच आली नाही."

गोदाम टोनी नावाच्या एका धिप्पाड, हसऱ्या माणसाचं होतं. त्याला वाटलं आम्ही कोळंबी घ्यायला आलोय. काकांनी त्याला उणे तीस, एलईडी, मुलगी आणि भोक या क्रमाने सगळं सांगितलं. टोनीने दाराची कडी सरकवली. मग म्हणाला, "मलाही मुलगी आहे. पर्थला असते. या आत."

आत छतापर्यंत मासे होते. एकेक मासा माणसाएवढा, पांढराफटक, ओंडक्यांसारखे रचलेले. काकांनी नाकाला रुमाल लावला, एका खोक्यावर बसले, दिवा लावला आणि घड्याळ बघितलं. दर दहा मिनिटांनी टोनी त्यांना ओढून बाहेर काढी आणि पाच मिनिटांनी काका पुन्हा आत जात. दिवा मात्र आतच. तिसऱ्या फेरीला त्यांच्या मिशांवर बर्फ जमला होता. टोनीने थर्मासमधला चहा त्याच्याच मगमध्ये ओतून पुढे केला. मगाला मासळीचा वास होता, तो मला चार फुटांवरून येत होता. काकांनी मग दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि चहा संपवला. मी त्या वेळी भिंतीवरच्या सूचना वाचत होते.

दिवा दोन तास जळला. काकांनी वहीत लिहिलं: 'उत्तीर्ण.' सही केली. टोनीचीही साक्षीदार म्हणून घेतली.

मग माहितीपुस्तिका. चौदा पानं, इंग्रजीत, प्रत्येक पानावर क्रमांक, इंग्रजी तपासायला मी. कॉलिनने विचारलं होतं एका बॅटरीचं नाव. ते चौथ्या पानावर होतं, कारण लिथियमची बॅटरी टपालाने जात नाही, ती तिथेच घ्यायची होती. आठव्या पानाच्या तळाशी लाल अक्षरांत होतं: 'पान नऊ वाचल्याशिवाय बॅटरी चार्ज करू नये.' नवव्या पानावर तीन ओळी होत्या. बॅटरी आधी घरात आणा. शाल काढून रात्रभर उबेत ठेवा. मग चार्ज करा.

"तीन ओळींना अख्खं पान कशाला?" मी म्हटलं. "आठव्यावर मावतील."

"महत्त्वाचं आहे ते," काका म्हणाले. "वेगळं पान हवं."

ऑक्टोबरात एस्कीत सगळं भरून पार्सल गेलं. नोव्हेंबरात कॉलिनची एका ओळीची मेल आली: पोचलं, थँक यू, तळं गोठलं की लावतो. त्यानंतर काका दोन देशांच्या हवामानात राहू लागले. मी घामाघूम होऊन कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला ओढत असले की कुंपणावरून आवाज येई, "आज तिकडे उणे बावीस. बर्फ आठ इंच झाला असेल. अजून चारेक इंच हवा." गौरीचं नाव ते घेत नसत. बर्फाचं घेत.

जानेवारीतल्या एका सकाळी मी त्यांच्याकडे झाडं कापायची कात्री मागायला गेले होते. अकरा वाजले होते. काका टेबलाशी चष्मा पुसत होते. फोन वाजला. त्यावर गौरीचं नाव आणि चेहरा, दोन्ही.

काकांनी तो चार वेळा वाजू दिला. मग उचलला.

पलीकडे लख्ख उजेड होता. लोकरी टोपी, लाल झालेलं नाक, मागे प्लायवूड. परसातलीच खोपटी वाटावी, इतकी हुबेहूब.

"बाबा," गौरी म्हणाली. आवाज जरा चढा होता, भांडायला तयार असावा तसा. "तुझ्या पुस्तिकेत आठनंतर डायरेक्ट दहा आहे. नऊ नाहीच. बॅटरी दुकानातून आली तेवढ्या चार्जवर चाललीय, आणि कॉलिन म्हणतो, पान नऊ वाचल्याशिवाय तो चार्जरला हात लावणार नाही."

"शहाणा आहे," काका म्हणाले.

"ते राहिलं का तुझ्याकडे? तुझं पान राहिलं?"

"राहिलं असेल."

"तुझ्या हातून?"

काकांनी चष्म्याची डबी उघडली. तळाशी मऊ कापडाखाली चार घड्या घातलेला एक कागद होता. घड्यांवर तो झिजून पांढरा झाला होता. तीन महिने तो त्यांच्या खिशात हिंडत असणार: दुकानात, दवाखान्यात, आमच्या कुंपणाशी. त्यांनी तो टेबलावर ठेवून हाताने सपाट केला. माझ्याकडे बघितलं नाही.

"फोटो काढून पाठव ना," गौरी म्हणाली.

"फोटो नीट येत नाहीत माझे. वाचून दाखवतो. लिहून घे." काकांनी घसा साफ केला. "आधी सांग, पाय कुठला गेला होता?"

पलीकडे गौरीने नाकावरून हातमोजा फिरवला.

"डावा," गौरी म्हणाली. आता आवाज चढा नव्हता.

"दुखतो का थंडीत?"

मी कात्री घेऊन मागच्या दाराने निघाले. आमची मागची झुडपं बरीच वाढली होती, ती सगळी कापून, कचरा गोळा करून, आंघोळ करून मी कात्री परत द्यायला गेले, तेव्हा दीड वाजला होता. खिडकीतून काकांचा आवाज येत होता. ते अजून पहिल्याच ओळीवर होते.