नाथांचा चीज टोस्ट

गुंजाळसाहेबांना चहाला बोलवायचं बन्सीनं ठरवलं, ते काही प्रेमापोटी नव्हे. कारखान्याच्या नव्या क्वार्टरांची यादी साहेबांच्या हातात होती आणि बन्सीचं जुनं क्वार्टर गळकं होतं. त्या साली पाऊसच नव्हता म्हणून गळत नव्हतं, एवढीच दुष्काळाची मेहेरबानी.

बन्सीच्या बायकोला, मालनबाईंना, चीफ केमिस्टच्या बायकोकडून कळलं होतं की पार्टीत आता भजी कुणी विचारत नाही. पावावर चीज घालून भाजतात म्हणे. बन्सीचा मामेभाऊ छगन नगरला लष्कराच्या कॅन्टीनात होता. त्यानं चीजचा एक डबा दिला. डब्यावर गाय छापलेली. मालनबाईंनी पावाचे अठरा तुकडे केले, वर चीज किसलं, तव्यावर झाकण ठेवलं आणि झाकणावर निखारे. चीज वितळून कडेनं तांबूस झालं. ताट झाकून बाई समाधानानं लुगडं बदलायला गेल्या, आणि तिथंच घात झाला.

सासूबाईंना, रंगुबाईंना, चीज ठाऊक नव्हतं, पण गाय ठाऊक होती. त्यांच्या गावचा नेमच असा, की नवं दुभतं घरात आलं की आधी कानिफनाथांना दाखवायचं, मग पाच घरी वाटायचं, आणि मगच घरच्यांनी तोंडाला लावायचं. क्वार्टरच्या मागेच लिंबाखाली नाथांचा ओटा. मग काय, सगळी सोयच!

मालनबाई परत आल्या तेव्हा ताटात सहा टोस्ट उरले होते. प्रत्येकावर तुळशीचं पान.

"आत्याबाई, बाकीचं कुठं गेलं?"

"दोन नाथाला, आन् पाच घरी दोन-दोन. आदी देवाचं, मग साहेबाचं."

मालनबाईंना रडूच फुटायचं, पण तेवढीही सवड मिळाली नाही. बन्सी साहेबांना घेऊन दारात उभा होता.

साहेब खुर्चीवर बसले. ताट पुढे येताच त्यांनी हात आडवा केला. केमिस्टकडे हेच खाऊन दोन दिवस पोट धरून बसलो होतो, असलं डब्यातलं आपल्याला सोसत नाही, म्हणाले. बन्सीचं तोंड एवढंसं झालं. नवं क्वार्टर त्याला डोळ्यांदेखत लांब जाताना दिसलं.

तेवढ्यात रंगुबाई आतल्या दारातून म्हणाल्या, "साहेब, नाथाचा परसाद हाय. न्हाई म्हनू नये."

साहेब ताडकन उठले. बूट काढले, उजव्या हातात टोस्ट घेतला, कपाळाला लावला आणि खाल्ला. त्यांच्या घरात तीन पिढ्या कानिफनाथांच्या मढीची यात्रा होती. मग दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला. उरलेले तीन रुमालात बांधून घेतले, घरच्यांसाठी.

हीच वेळ, असं म्हणून बन्सीनं खाकरून क्वार्टरचा विषय काढला.

"बन्सीराव, यादीत तुमचं नाव पहिलंच घातलं होतं," साहेब म्हणाले. बन्सीला हर्ष मावेना. "पण आता काढतो. नाथ घराच्या पाठीशी, त्यात आईंचा एवढा नेम. तुम्हाला इथनं हलवलं तर पाप मला लागेल. दर गुरुवारी निवद असतो ना?"

"आसतोय की," रंगुबाई म्हणाल्या.

"मग मी येत जाईन. प्रसाद मात्र हाच ठेवा."

साहेब गेले. मालनबाई रिकामा डबा हातात धरून तशाच बसून राहिल्या. रंगुबाईंनी मात्र लेकाला लगेच नगरला पिटाळायचं ठरवलं, छगनकडं आणखी डबे आहेत का बघायला.

दुसऱ्या दिवशी बन्सीनं रजेचा अर्ज दिला. कारण लिहिलं होतं, 'देवकार्य'. साहेबांनी उभ्या उभ्या सही केली.