समुद्राला नोटीस

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता रफीकभाईंच्या शिलाईच्या दुकानात तेजराव वकील गेले. मोजणी शुक्रवारी होती.

मोजणी शेताची नव्हती, समुद्राची होती. आणि तेजरावांनी जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता. हे कळायचं तर आधी तेजराव कळायला हवेत. मी अकरा वर्षं त्यांच्या सोबत काढली, त्यामुळे थोडं सांगू शकेन.

आमचं मोताळा तालुक्याचं गाव. कापूस, सोयाबीन आणि आठवडी बाजार. इथून कुठल्याही दिशेने निघालात तरी समुद्र गाठायला दिवस आणि रात्र दोन्ही लागतात. तरी तेजरावांच्या ऑफिसात, जिथे इतर वकील देवाची तसबीर लावतात तिथे, कोकणातल्या एका बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक टांगलेलं असे. त्याला रोज उदबत्ती ओवाळली जाई. वकीलपत्रावर अशिलाची सही ते भरतीतच घेत. ओहोटीत कुणी आलं तर खुर्ची पुढे करून म्हणत, "बसा. पाणी उतरून राह्यलं. चारले पाहू."

नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणारं आमचं गाव. 'पाणी उतरून राह्यलं' एवढंच ऐकून पिंपळगावची एक म्हातारी वाटणीचा दावा तसाच टाकून लेकीच्या घरी घागरी भरायला पळाली होती.

पुढे गावाला सवय झाली. चहावाला कप ठेवताना विचारायचा, "साहेब, चढून राह्यली का उतरून?" एका शेतकऱ्याने भरती बघून कापसाची गाडी भरली आणि त्याला त्या दिवशी बरा भाव मिळाला. मग आठवडी बाजाराच्या दिवशी ऑफिससमोर रांग लागू लागली. लग्नाची बोलणी, बैलाचा सौदा, जावयाची समजूत, सगळ्याला लोक भरती विचारत. तेजराव वैतागत. "अबे, मी वकील हाय का ज्योतिषी?" आणि मग कोष्टकात बघून सांगत, "दोन सत्तेचाळीस."

हे सुरू झालं ते माझ्या समोर. मी इथल्या वाचनालयाचा ग्रंथपाल. तेजराव रोज नऊला येत आणि वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचत. "आंदी निकाल, मंग फिर्याद," हे त्यांचं कारण. एका सकाळी ते आतल्या पानावर थबकले. कोकणातल्या एका किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात, तिथे एका हॉटेलची भिंत उठते आहे, अशी चार ओळींची बातमी होती. वाचनालयात 'शांतता राखा' अशी पाटी आहे. ती लागल्यापासून तिचा इतका मोठा अपमान कुणी केला नव्हता.

"अरे, हे तं धुऱ्याचं प्रकरण हाय!"

धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. आमच्या तालुक्यातले निम्मे दावे धुऱ्याचे असतात. शेजारी दर साली नांगराची एक ओळ धुऱ्यात घालतो, कुणाला दिसत नाही, आणि दहा वर्षांत तुमचं शेत धुवून आटलेल्या सदऱ्यासारखं आखूड होतं. तेजरावांची तीस वर्षं असे कोरलेले धुरे परत मिळवण्यात गेली होती.

"कायदा काय म्हणते? उधाणाचं पाणी जिथवर येते, तिथवर समुद्राचं. थो धुरा. या हॉटेलवाल्यानं धुरा कोरला, सेक्रेटरीसाहेब!"

मी तेव्हा कशाचाच सेक्रेटरी नव्हतो. पंधरा दिवसांत झालो. 'सागर व जलचर हितरक्षक मंडळ, मोताळा' स्थापन झालं. तेजराव कायदेशीर सल्लागार, मी सेक्रेटरी, आणि त्यांचे बालमित्र रफीकभाई टेलर अध्यक्ष. सर्वसाधारण सभा रफीकभाईंच्या मशीनसमोर भरे आणि ठराव बॉबिन बदलताना मंजूर होत. नोंदणीच्या वेळी समोरच्या कारकुनाने अर्ज दोनदा वाचला आणि नम्रपणे विचारलं, "साहेब, मोताळ्यात समुद्र कुठी हाय?"

"कुठी नाही," तेजराव म्हणाले. "तुमाले देव कुठी दिसते? तरी देवस्थानाची नोंदणी करता का नाही?"

नोंदणी झाली.

लोक विचारत, तुमचा काय संबंध? हा प्रश्न तेजरावांना फार आवडे. ते खुर्चीत सरसावून बसत. "जनहित याचिकेत संबंध नसलेलाच माणूस पाह्यजे. संबंध असलेला मधात फुटते."

मग एकदा जाऊन समुद्र बघून तरी या, असं मी सुचवलं. ते एकदम गंभीर झाले. "वकिलानं अशिलाच्या घरी जाऊ नये. चहा घ्या लागते. मंग माणूस भिडेत पडते."

"समंदर का चाय पाजते, वकीलसाब?" रफीकभाईंनी तोंडातली टाचणी काढून विचारलं.

"चहा नाही पाजत. पण ओढते म्हणतात."

त्या किनाऱ्यावरच्या तांडेल नावाच्या कोळ्याचा नंबर त्यांनी कुठून तरी मिळवला. तांडेल कासवांच्या घरट्यांवर राखण ठेवायचा. दोघांचं बोलणं म्हणजे तमाशा होता. तिकडून वाऱ्याचा आवाज, इकडून रफीकभाईंच्या मशीनचा, आणि दोघांची मराठी एकमेकांना परकी.

"वकीलसायबानु, कासव इला!"

"इळा? कायले इळा? गवत कापून राह्यले का?"

"इला! इला! आला!"

"मंग आली म्हना ना भाऊ! किती लेकरं हायेत?"

"अंडी घालून गेला ता. परत नाय येवचा."

तेजरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "परत येतच नाही? मंग लेकरायले पाहते कोण?"

"कोण नाय. वाळू."

फोन ठेवून ते ऑफिसात गेले. कोष्टकाप्रमाणे ओहोटी होती, तरी त्यांनी अर्ज लिहायला घेतला. मी तो टाईप केला म्हणून मला तोंडपाठ आहे. 'अर्जदार क्रमांक एक : कासवाची पिल्ले, अज्ञान, तर्फे पालनकर्ता तेजराव, व्यवसाय वकिली, राहणार मोताळा. अर्जदार क्रमांक दोन : मंडळातर्फे सेक्रेटरी.' आमच्याकडे सातबाऱ्यावर लहान वारसाच्या नावापुढे 'अज्ञान पालनकर्ता' लिहिलेलं सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण कासवाच्या नावापुढे ते वाचून मला हसू आवरेना. तेजराव हसले नाहीत. "टायपिंगची चूक नको पाह्यजे," एवढंच म्हणाले.

पर्यावरणाच्या न्यायाधिकरणासमोर सुनावणी झाली ती वाचनालयाच्या संगणकावरून. वीज गेली. इन्व्हर्टरची एक वायर सैल होती, म्हणून मंडळाचे अध्यक्ष सव्वा तास ती चिमटीत धरून उभे होते. पेपर वाचायला आलेले सात म्हातारे कॅमेऱ्यामागे बसले होते आणि त्यांना खोकायला बंदी होती. हॉटेलवाल्यांच्या वकिलांनी नकाशा दाखवला. रीतसर मोजणी झालेली आहे, भिंत भरतीरेषेच्या बाहेर आहे.

तेजराव उठले. बसून बोललं तरी चालतं हे त्यांना तीन वर्षं सांगूनही पटलं नव्हतं, त्यामुळे पडद्यावर फक्त त्यांच्या कोटाची बटणं दिसत होती.

"मोजणीच्या आंदी लगतच्या खातेदाराला नोटीस दिली होती काय?"

"लगतचा खातेदार कोण?" न्यायमूर्तींनी बटणांना विचारलं.

"समुद्र."

एक म्हातारा खोकला. पलीकडचे वकील हसले. न्यायमूर्तीही हसले असावेत, कारण आवाज दोन क्षण बंद झाला.

"त्याला नोटीस द्यायची कशी, वकीलसाहेब?"

"सोपं हाय, साहेब. त्याच्या घरी असण्याच्या वेळी जायचं. या नकाशावरची तारीख बघा. त्या दिवशी अष्टमी होती. अष्टमीला पाणी सगळ्यात कमी चढतं. पुनवेला या म्हणावं, उधाणाच्या दिवशी. आमच्याकडे शेजारी परगावी गेला की धुरा सरकवतात. हे तेच आहे."

हसणं थांबलं. तेजरावांनी कोष्टकाची तीन वर्षांची पानं वाचून दाखवली. आदेश झाला : पौर्णिमेच्या भरतीला, अर्जदारांच्या समक्ष, फेरमोजणी. तोवर काम जैसे थे. अर्जदार हजर नसल्यास मोजणी एकतर्फी धरून पुढील निर्णय.

वायर सोडून रफीकभाईंनी तेजरावांना मिठीच मारली, त्यामुळे पडदा काळा झाला आणि कोर्टाचे आभार मानायचे राहिले. त्या दिवशी तेजरावांनी गावभर पेढ्यांऐवजी खडेमीठ वाटलं. "घ्या. अशिलाच्या घरचं हाय."

आता मात्र जाणं भाग होतं. 'अर्जदारांच्या समक्ष' हे शब्द त्यांनीच मागून घेतले होते. महिनाभर ते नवऱ्या मुलासारखे वागत होते. समुद्राशी काय बोलायचं, वहाणा किती हातांवर काढायच्या, नारळ न्यावा की न्यायाच्या कामात ती लाच होईल, अशा शंका काढत. रफीकभाईंकडे त्यांनी नवी पँट टाकली. तिला गुडघ्याशी दोन बटणं हवी होती, म्हणजे पाण्यात उभं राहून बाजू मांडायची वेळ आली तर वर अडकवता येईल. "आणि इस्तरीची घडी मोडू नये." रफीकभाई म्हणाले, "वकीलसाब, चाळीस साल हो गये, असं माप कोणी नाही देल्लं." मंगळवारी ती पँट घालून बघायला ते दुकानात गेले होते.

तिथेच ते कोसळले. डॉक्टर आले तेव्हा उशीर झाला होता. संध्याकाळी आम्ही त्यांना पोचवलं. त्यांना मागे कुणी नव्हतं. अग्नी मी दिला.

बुधवारी सकाळी रफीकभाई वाचनालयात आले. पिशवी हातात होती.

"काऊन हो सेक्रेटरीसाब, आपुन तारीख वाढवून घ्याची का?"

"पुढल्या पुनवेपर्यंत यंदाची अंडी फुटतील. आणि आपण नाही गेलो तर मोजणी एकतर्फी धरतील."

"मंग उठा ना. बसले काय?"

मलकापूरहून गाडी होती. खिडकीजवळ जागा मिळाली. मग मी सहज म्हणालो की तेजरावांना समुद्राचं इतकं वेड का लागलं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

"समंदरचं नव्हतं ते," रफीकभाई म्हणाले. "तुमाले मालूम नाही? त्याचे आई-बाप तो पाच सालचा होता तव्हा गेले. चार एकर वावर त्याच्या नावानं. सातबाऱ्यावर चुलता पालनकर्ता. तो चुलता दर साली धुरा सरकवे. दुसऱ्या बाजूनं आमचं वावर. तेजू धुऱ्यावर बसून राहे. लहान होता ना, त्याले वाटे आपुन बसलो का धुरा हालणार नाही. अठरा सालचा झाला तव्हा दीड एकर उरलं होतं."

"कुणी काही बोललं नाही?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "माह्या अब्बाले दिसत होतं. रोज दिसत होतं. लगतचे खातेदार होते ते. पण कोणाच्या घरच्या भांडणात कायले पडा, म्हने. तेजू मले कधी बोलला नाही त्याबद्दल. मंडळ काढलं तव्हा फक्त म्हने, रफीक, तू अध्यक्ष हो. मी हो म्हणलं. पुसलंबी नाही कायचं मंडळ हाय."

शुक्रवारी दुपारी आम्ही किनाऱ्यावर पोचलो. तांडेल वाट बघत होता. वकीलसाहेब कुठे, असं त्याने विचारलं, आणि मी सांगितल्यावर तो वाळूत बसला. भिंतीचे नऊ खांब पाण्याकडून वर एका रांगेत उभे होते. मोजणी अधिकारी आले, हॉटेलची माणसं आली. मी अर्जदार क्रमांक दोन म्हणून हजेरी लावली आणि पहिल्या नावापुढे 'पालनकर्ता मयत' असं लिहिलं.

मग पाणी चढू लागलं. मी पुस्तकात समुद्र पुष्कळ वाचला होता. तो इतका बोलतो हे कुठे लिहिलेलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी जिथवर पाणी आलं तिथे खुंट्या मारल्या. त्यांच्या मागोमाग रफीकभाई गुडघ्यांवर सरकत होते. खिशातून शिलाईचा टेप काढून ते प्रत्येक अंतर स्वतः मोजत होते.

"अहो, हे काय करताय?" अधिकारी म्हणाले.

"तुमी चालू द्या, साहेब. मी चाळीस वर्षं मापं घेऊन राह्यलो. मोताळ्यात कोणाची पँट आखूड पाह्यली का?"

"मी मोताळ्याला आलो नाही."

"मंग या कधी. तुमच्या पँटीची लांबी जरा जास्त झाली."

अधिकारी हसले आणि टेपचं दुसरं टोक त्यांनी स्वतः धरलं. पाणी पाचव्या खांबाच्या पलीकडे गेलं. पंचनाम्यात तसं लिहिलं गेलं. हॉटेलच्या माणसांनी हरकत नोंदवली, आणि तीही लिहिली गेली. तांडेलने आम्हाला घरट्याची जागा दाखवली. ती सहाव्या खांबाजवळ, पाण्याच्या जरा वर होती. वर एक टोपली पालथी घातलेली होती, बाकी काही दिसत नव्हतं. रफीकभाई तिच्याशेजारी बसले. अंधार पडायच्या आत निघायला हवं होतं, पण ते उठेनात. मीही बसलो.

दोन महिन्यांनी आदेश आला. नऊही खांब काढले. हॉटेलवाले वरच्या कोर्टात गेले आहेत, प्रकरण चालू आहे. पालनकर्त्याच्या जागी माझं नाव लागलं आहे. मंडळात आम्ही दोघे आहोत. खांबांच्या जागी वाळू आहे.