जे हलत नाही ते पिवळं!

"या खेपेला तपासनीस बाईंनी क्रेनमध्ये एक खोट काढून दाखवावी, फोरमनकी सोडतो!"

ही डरकाळी फोरमननं भर चहात फोडली, तीही सासऱ्यांच्या तोंडावर! सासरे त्याच कारखान्याचे निवृत्त फोरमन. आधी त्यांनी जावयाला मुलगी दिली, मग आपली खुर्ची. मुलगी देताना फारसा विचार केला नव्हता. खुर्ची देताना मात्र त्यांचं जेवण सुटलं होतं.

"येतोच बघायला, जावईबापू," सासरे बशी पुसत म्हणाले. "तेवढीच खुर्चीची भेट होईल."

तयारी खरोखर चोख होती, वैऱ्यानंही मान डोलवावी अशी! हुकाचं तोंड फाकलं होतं. नवा हूक आला. वायर रोपच्या तारा पिंजारल्या होत्या. नवा रोप चढला. ब्रेकचे लायनर, म्हणजे चाक आवळून धरणारे पट्टे, घासून कागद झाले होते. तिथं नवे कोरे बसले. फोरमन इथंच थांबला असता तर कथा संपली असती. पण नवरी नटली आणि पावडर नाही, असं कसं चालेल? त्यानं रंगाऱ्याला फर्मान सोडलं, "बाई यायच्या आत क्रेन लखलखली पाहिजे. जे हलत नाही ते पिवळं कर!"

रंगारी म्हणजे शब्दन् शब्द पाळणारा, जीव गेला तरी चालेल. डबा घेऊन चढला तो वरच.

फोरमननं आपली खुर्ची थेट क्रेनखाली मांडून तीत सासऱ्यांना बसवलं. बाई आल्या. खाली मान, हातात मोजपट्टी. हूक मोजला. "उत्तम." रोपवरून नजर फिरवली. "उत्तम." प्रत्येक उत्तमला फोरमन सासऱ्यांकडे बघायचा आणि सासरे छताकडे.

"आता वजन उचला," बाई म्हणाल्या. "सगळे रेषेबाहेर या. ती खुर्चीही काढा."

सासरे उठले. फोरमननं मात्र खुर्चीवर हात ठेवला. "असू द्या बाई! वजन केसभर खाली यायचं नाही. ब्रेक मी स्वतः बसवलाय!" तो रेषेबाहेर आला, खुर्ची तिथंच राहिली.

क्रेनवाल्यानं बटण दाबलं. हत्तीएवढा लोखंडी ठोकळा ऐटीत वर गेला. बटण सोडलं. ठोकळा क्षणभर थांबला आणि मग, सासुरवाडीला निघालेल्या जावयासारखा, सावकाश खाली यायला लागला!

"वर घे!" फोरमन ओरडला.

वर गेला. बटण सोडलं. पुन्हा खाली!

"अरे, बटण सोडूच नकोस!"

क्रेनवाल्यानं बटणावर अंगठा रोवला. ठोकळा पार टोकाला जाऊन टेकला, तिथं मोटर आपोआप बंद पडली, आणि आता मात्र तो कुणाचं ऐकेना. खुर्चीसमोर आल्यावर त्याला जरा संकोच वाटला म्हणतात. पण जरासाच. कर्रर्र!

"ब्रेकला काय झालं?" फोरमन किंचाळला.

वरून रंगाऱ्यानं अभिमानानं डोकं काढलं. "काही नाही साहेब! तो हलत नव्हता ना, म्हणून पिवळा केला. नुसता बाहेरून नाही हं! पाना लावून जबडे फाकवले, आत लायनरलाही दोन हात मारले. ऑइलपेंट! बोट लावून बघा, कसं घसरतं!"

बाईंनी क्रेनला सील ठोकलं. "नवे लायनर बसेपर्यंत क्रेन बंद."

"पण बाई, माझी खुर्ची…"

"ठोकळा उचलला की मिळेल."

"ठोकळा कशानं उचलू?"

"क्रेननं," बाई म्हणाल्या आणि निघाल्या.

फोरमन जागीच थिजला. आ वासलेला, बोट वर केलेलं. चहावरची डरकाळी आठवत असावी. सासऱ्यांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, खुर्चीच्या दिशेनं बघून उसासा सोडला आणि वर हाक दिली, "रंगारीबुवा, उरलाय का हो रंग?"

"अर्धा डबा आहे की!"

"मग उतरा खाली. जावईबापू मघापासून हललेले नाहीत."