किडनीचे मानकरी

तीस वर्षांच्या नोकरीत पोस्टमननी दुसऱ्याचं पाकीट कधी उघडलं नव्हतं. लेकीचं मात्र उघडलं, कारण राहवेना. लेक भारोत्तोलनपटू. संघात निवड झाली होती, शुक्रवारपर्यंत डॉक्टरांचा दाखला तेवढा द्यायचा होता. तिच्या रक्ततपासणीचा कागदही फ्रेम करून लावावा, इथवर बापाचा अभिमान गेलेला! पण कागदावर ‘क्रिएटिनिन’पुढचा आकडा ठळक छापला होता आणि शेजारी वर जाणारा बाण.

“हे किडनीचं असतं,” कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणाला.

पोस्टमन घरी येऊन मटकन बसले, मग ताडकन उठले. “माझी देतो! तीस वर्षं पायी टपाल वाटलंय. अशी किडनी शोधून सापडायची नाही.”

“तुझी?” त्यांची बहीण म्हणाली. “दोन पायऱ्या चढलास की धापा टाकतोस, दादा. आत्याची घ्या. जन्मात चहाला तोंड लावलं नाही मी.”

“मामा जिवंत असताना बाकीच्यांची कशाला?” मेव्हणे दुखावले.

“बाबा, अहो, मी ती पावडर...” लेक म्हणाली.

“तू पडून राहा!” तिघेही ओरडले.

निवाडा होईना, म्हणून तिघांनी आपापलं रक्त तपासून घेतलं. गुरुवारी वरात डॉक्टरीणबाईंपुढे उभी राहिली. मामांनी फायली पुढे सरकवल्या. “कुणाची काढताय ते एकदा सांगून टाका.”

“कुणाचीच नाही. ही परवा एकटीच येऊन सांगून गेली. कोचला विचारून क्रिएटिन घेते. स्नायूंना जोर लावायला ते कामी येतं आणि शरीरात त्याचंच पुढे क्रिएटिनिन होतं. म्हणून रक्तात जरा जास्त दिसतं. पावडरीचा परिणाम होत नाही अशी दुसरी तपासणी केली मी. किडनी ठणठणीत आहे. हा दाखला.”

“घरी का नाही बोललीस गं?” पोस्टमन कळवळले.

“बोलू कुणी दिलं?”

“म्हणजे माझी लागणारच नाही?” आत्याचा चेहरा पडला.

डॉक्टरीणबाईंनी फायली चाळल्या. “तुम्ही आधी साखर आटोक्यात आणा. मामा, तुमचं कोलेस्टेरॉल वाढलंय. आणि पोस्टमन, किडनीची काळजी तुम्हीच घ्यायची आहे. मीठ कमी, पाणी वेळेवर.”

तिन्ही मानकऱ्यांनी आपापल्या फायली हळूच मागे ओढल्या. लेकीने बापाच्या खांद्यावर हात ठेवला. “घाबरू नका बाबा. लागलीच तर माझी आहे ना.”

बाहेर येताच पोस्टमननी रांगेतल्या एका अनोळखी माणसाला गाठलं आणि छाती पुढे काढून म्हणाले, “किडनीची सध्या गरज नाही हो. पण देणार कोण, ते विचारा!”