भुंकणाऱ्याचा भरवसा

विठोबातात्या नमस्कार घेत नसत. आधी समोरच्याच्या हातांकडे बघत, मग खिशाकडे, आणि तोवर बिचाऱ्याचे हात खाली आलेले असत. पिंपरीच्या आमच्या नव्या कारखान्यात ते गेटवर झडती घ्यायला होते. नोकरीमुळे माणूस असा झाला म्हणावं, तर निघोज्याचे त्यांचे भाऊबंद सांगत, "छे हो! स्वतःच्या बारशाच्या घुगऱ्याही ह्यानं हुंगल्या असतील!"

चिंचवडात आमची दारं समोरासमोर. माझी बायको स्टोव्हला पंप मारू लागली की हा गृहस्थ अंगणात हजर. "भाऊसाहेब, वहिनींना म्हणावं पदर सांभाळा. गरीब दिसतंय त्येच्यावर नजर ठेवायची!" हे त्यांचं पालुपद. या गरिबांत स्टोव्ह होता, गाय होती, नदीची शेवाळलेली पायरी होती आणि गोड बोलणारे सगळे मेहुणे होते. माझ्याकडेही ते अधूनमधून तसंच बघत, आणि मला त्याचा भयंकर राग येई.

एका साली कारखान्यातला गोरा इंजिनियर मायदेशी गेला आणि आपला अल्सेशियन कुत्रा बंगल्याच्या आवारात सोडून गेला. झालं! चहाच्या टपरीवर दुसरा विषय नाही. सदूभाऊ फिटर सांगे, "ही जात लांडग्याची. मालकाचाच गळा धरते."

"कुणाचा धरला?" तात्या म्हणाले.

"ऐकलंय."

"ऐकलंय! आन् तुझ्या मेव्हण्याला शिंगावर कुणी घेतलं? गाईनं. तिची तू सणाला पूजा करतोस. मागल्या साली आळीतली बाई भाजून मेली, ती कशानं? स्टोव्हनं. त्यो तू बायकोला हौसेनं आणलास. कुत्रं निदान आधी भुंकतं तरी, राव. मेव्हणा भुंकतो का?"

सगळे हसले. मी नाही हसलो. मला गावठी कुत्र्याचीही भीती वाटते, हे तर भलतंच धूड होतं.

पण चार दिवसांत हसणं थांबलं. आवारात टाकलेल्या भाकरीला, मटणाला कुत्रं तोंड लावेना. "अन्न टाकलंय, म्हणजे पिसाळलंय," असा सदूभाऊने निकाल दिला आणि सगळ्यांना पटला. मलाही पटला. रविवारी सकाळी बंदूकवाला बोलवायचं ठरलं.

एकट्या तात्यांना संशय आला. "पिसाळलेलं पाण्याला भितं. ह्यो हौदातलं पाणी पितोय, मी डोळ्यानं बघितलं. मग खाईना का? काय तरी हाय." शनिवारी ते बंगल्याच्या जुन्या खानसाम्याला शोधत पार तळवड्यापर्यंत चालत गेले.

रविवारी सकाळी मला बायकोने ढकललं. "अहो, म्हातारा एकटाच आत गेलाय! जा की!" मी गेलो, पण कुंपणाच्या बाहेर थांबलो. खोटं कशाला सांगू? बंदूकवालाही तिथेच होता, सदूभाऊही.

आत तात्या मातीत मांडी घालून बसले होते. हातभर अंतरावर ते कुत्रं, फासळ्या निघालेल्या, दात दिसत होते. तात्यांनी फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा पुढे केला. कुत्र्याने गुरगुरून मान फिरवली.

"बाहेर या तात्या!" मी ओरडलो.

"गप बसा भाऊसाहेब. खानसामा सांगत हुता, सायबानं शिकवलंय त्येला, परक्या हातचं खायचं न्हाई. इख आसंल म्हणून. शाना हाय गडी." मग कुत्र्याकडे वळून म्हणाले, "बरोबर हाय बाबा तुजं. इश्वास ठेवूच नये. हे बघ, आधी मी खातो."

त्यांनी घास मोडून तोंडात टाकला. सावकाश चावला, गिळला, रिकामं तोंड उघडून त्याला दाखवलं. पुन्हा तुकडा पुढे केला. पुन्हा मान फिरली. पुन्हा स्वतः खाल्ला. असं कितीदा झालं कोण जाणे. बंदूकवाल्याने बंदूक कुंपणाला टेकवली आणि विडी पेटवली.

"खा की लेकरा," तात्यांचा आवाज एकदम बसला. "तुजा सायेब गेला, माजी मंडळी गेली. एकट्यानं घास उतरत न्हाई, मला ठाऊक हाय. तिच्यामागं कुणासंगं जेवलोच न्हाई मी. तू तरी बस माज्यासंगं."

 समोर राहून मी या माणसाला कधी 'या जेवायला' म्हटलं नव्हतं.

कुत्र्याने त्यांच्या हाताचा वास घेतला, मग तोंडाचा. आणि अर्धी भाकरी उचलली.

तात्या उरलेली अर्धी घेऊन शेजारीच जेवत बसले.